कामाची कथा कोणी सांगायची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेचे चित्र सातारा-सांगलीकडच्या कोणाही माणसाला अपरिचित नाही. मांडव घातलेला असतो, व्यासपीठावर संचालक मंडळ स्थानापन्न झालेले असते, अहवालाच्या छापील प्रती हातोहात फिरत असतात. अहवालवाचन सुरू होते आणि प्रत्येक विषयाच्या शेवटी मांडवातून ‘मंजूर, मंजूर’ असा घोष उठतो. त्या अहवालात वर्षभराच्या कामाची एक कथाच सांगितलेली असते. ऊस किती गाळला, साखरेची पोती किती झाली, उतारा काय पडला, अडचणी कोणत्या आल्या आणि त्यांवर व्यवस्थापनाने कशी मात केली, असे तिचे कथानक असते. ज्यांनी उसाला पाणी पाजले, ज्यांनी तो तोडला, ज्यांनी बॉयलरपाशी रात्रपाळ्या काढल्या, ते सारे या कथेत आकड्यांच्या रूपाने हजर असतात. कथा सांगणाऱ्यांत मात्र त्यांच्यापैकी कोणी नसतो. ऊसतोड कामगार तर सभासदही नसतो; सभा भरते तेव्हा तो बहुधा आपल्या दूरच्या गावी, पुढच्या हंगामाची उचल फेडण्याच्या विवंचनेत असतो.

सत्ता मालकीत असते आणि ती कायद्यात असते, हे समाजवादी कार्यकर्त्याला नव्याने सांगण्याचे कारण नाही. परंतु सत्तेचे आणखी एक ठाणे आहे आणि तिकडे चळवळीचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. काय घडले हे सांगण्याचा अधिकार, हे ते ठाणे होय. घडलेले जो सांगतो, तोच चूक कोणाची हे ठरवतो, श्रेय कोणाचे हे ठरवतो आणि पर्यायाने पुढे काय करायचे हेही ठरवतो. श्रमिकांना कामाच्या जागी सत्तेत वाटा हवा असेल, तर कामाची कथा सांगण्यातही वाटा हवा. हा वाटा कसा मिळवता येतो आणि तो हातून कसा निसटतो, याचे धडे याच दोन जिल्ह्यांच्या इतिहासात आहेत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गोष्ट सांगणे हा विरंगुळा, कामाचा वेळ खाणारा प्रकार, अशी समजूत आहे. वास्तविक कामाचे ज्ञान मोठ्या प्रमाणावर गोष्टींतच साठवलेले असते. कोणत्या वळणावर पाट फुटतो, कोणत्या विहिरीला उन्हाळ्यात झरा राहतो, कोणता खडक सुरुंगाला दाद देत नाही, हे पाटकऱ्याला आणि विहीर खणणाऱ्याला कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नसते. ‘त्या साली असे झाले होते’ या वाक्याने सुरू होणाऱ्या कथनातून ते एकाकडून दुसऱ्याकडे जाते. ही गोष्ट केवळ खेड्यापुरती खरी आहे असेही नाही. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या यंत्रदुरुस्ती कामगारांचा जवळून अभ्यास केला आणि तो १९९६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. कंपनीने कामगारांच्या हाती दुरुस्तीची छापील पुस्तिका दिलेली होती. प्रत्यक्षात यंत्रे पुस्तिकेप्रमाणे बिघडत नसत. मग कामगार एकत्र जेवताना, चहा-कॉफी घेताना एकमेकांना बिघाडांच्या हकिकती सांगत आणि त्या हकिकतींतूनच अवघड यंत्रे दुरुस्त होत. व्यवस्थापनाच्या हिशोबी तो वाया गेलेला वेळ होता. कामाच्या हिशोबी तीच खरी कार्यशाळा होती.

कार्ल मार्क्सला हे पुरते उमगलेले होते. १८८० साली त्याने फ्रान्समधील कामगारांसाठी सुमारे शंभर प्रश्नांची एक यादी तयार केली. कामाचे तास, यंत्रांची जागा, अपघात, मजुरी देण्याची रीत, अशा बाबींवर कामगारांनी स्वतः लिहून कळवावे अशी त्याची अपेक्षा होती. स्वतःच्या हालांचे आणि त्यांच्या कारणांचे यथार्थ वर्णन कामगारच करू शकतात, ही त्यामागची भूमिका. त्या यादीला उत्तरे फार थोडी आली. तरीही उत्तरांसाठी त्याने कामगाराकडेच धाव घेतली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता महाराष्ट्राकडे वळू. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा त्यांनी दोन गोष्टी एकदम केल्या. पहिली सर्वांना ठाऊक आहे: वामनाने बळीला पाताळात घातले ही पुराणातली कथा त्यांनी फिरवून घेतली आणि बळीला या भूमीतल्या शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभे केले. दुसरी गोष्ट तितकीच मोलाची असूनही तिच्याकडे दुर्लक्ष होते. हे पुस्तक त्यांनी संवादरूपाने लिहिले. धोंडिबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. म्हणजे कथा सांगणारा एकटा बोलत सुटत नाही; ऐकणारा त्याला मध्येच अडवतो, खुलासा मागतो. पुराणिकाच्या गादीसमोर श्रोत्याने हात जोडून बसायचे असते. धोंडिबा तसा बसत नाही. कथेतला मजकूर बदलला आणि कथा सांगण्याची रीतही बदलली, तेव्हा कोठे सत्यशोधकी विचार खेड्यापाड्यांत रुजू शकला.

हीच रीत पुढे सत्यशोधक जलशांनी उचलली. तमाशाचा बाज घेऊन हे जलसे गावोगाव गेले. सावकाराचे व्याज, जमीनदाराचा खंड, धर्मकृत्यांतील नाडणूक, हे सारे प्रश्नोत्तरांतून आणि विनोदातून लोकांसमोर येई. १९२० च्या आसपास सातारा जिल्ह्यात कुळांनी जमीनदारांविरुद्ध जी उचल खाल्ली, तिच्या मागे या जलशांनी केलेली मशागत होती. आपल्या शेतावरचे रोजचे काम चारचौघांत बोलण्याजोगे आहे आणि त्यातला अन्याय हा आपल्या नशिबाचा भाग नाही, हे कुळाला जलशाच्या फडात प्रथम कळले.

पुढे १९४२ च्या लढ्यातून याच जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. आजचा सांगली जिल्हा तेव्हा बऱ्याच अंशी सातारा जिल्ह्यातच मोडत होता. तलाठ्याची नोकरी सोडून १९३० च्या कायदेभंगात उतरलेले नाना पाटील या सरकारचे सर्वमान्य पुढारी होते. त्यांच्या सभांना माणसे लोटत, याचे कारण त्यांची भाषा शेतकऱ्याच्या शिवारातली होती. मात्र प्रतिसरकारचे खरे वेगळेपण गावोगावच्या न्यायदान मंडळांत होते. जमिनीचे, कर्जाचे, घरगुती छळाचे तंटे तेथे गावासमोर मांडले जात. वादी आणि प्रतिवादी आपापली हकीकत आपल्याच बोलीत सांगत आणि ती खरी की खोटी हे जाणणारी माणसे समोर बसलेली असत. इंग्रजांच्या कचेरीत शेतकऱ्याची हकीकत वकिलाच्या भाषेत भाषांतरित झाल्यावाचून ऐकली जात नव्हती. न्यायदान मंडळापुढे ती त्याच्याच तोंडून ऐकली गेली. सत्ता लोकांच्या हाती येते म्हणजे काय होते, याचा तो रोकडा अनुभव होता.

आता याच इतिहासाची पुढे काय गत झाली पाहा. लोकांच्या तोंडी ‘प्रतिसरकार’चे ‘पत्री सरकार’ झाले. खबऱ्यांच्या आणि गुंडांच्या तळपायांना पत्र्या ठोकल्याच्या आख्यायिका घरोघर सांगितल्या गेल्या. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ अडवलेली रेल्वे, एप्रिल १९४४ मध्ये लुटलेला धुळ्याचा खजिना, या पराक्रमांची वर्णने आजही रंगतात, आणि त्यात गैर काही नाही. परंतु गावातल्या तंट्याचा निवाडा कसा झाला, मंडळात कोण बसे, बायकांचे म्हणणे कोणी ऐकून घेतले, या हकिकती त्या मानाने क्वचितच कानी येतात. पराक्रमाची कथा टिकली. कारभाराची कथा झिजत गेली. परिणामी नव्या पिढीला प्रतिसरकार म्हणजे चार-दोन धाडसी वीर एवढेच माहीत आहे. गावाने स्वतःचा कारभार करून दाखवला होता, हा वारसा तिच्या हाती पोचलेला नाही. चळवळ स्वतःची कथा कशी सांगते, यावर तिच्या वारसदारांना काय मिळणार हे अवलंबून असते.

कथेचे हे सामर्थ्य मालकवर्गाने फार पूर्वी ओळखले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या एका ओसाड माळावर कारखाना उभारला आणि भोवती किर्लोस्करवाडी वसवली. १९२० साली तेथून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागले आणि शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्यातूनच पुढे मराठीतले एक आघाडीचे नियतकालिक वाढले. त्या मासिकाने आणि १९३० पासून ‘स्त्री’ने मराठी समाजाच्या सुधारणेसाठी जे कार्य केले, ते कोणीही नाकारणार नाही. पण कामगाराच्या बाजूने विचार करता एक गोष्ट नोंदवली पाहिजे. माळरानावर नंदनवन फुलवणाऱ्या कर्तबगार उद्योजकाची कथा महाराष्ट्राला पाठ झाली. त्या माळावरचे दगड ज्यांनी उचलले आणि पहिल्या नांगरांचे ओतकाम ज्यांनी केले, त्यांच्या तोंडची कथा तितकी घरोघर पोचली नाही. यात कोणाचे कारस्थान शोधण्याचे कारण नाही. छापखाना आणि लेखणी ज्याच्याजवळ असते, त्याची कथा पुढे जाते. आजच्या कंपन्याही ‘आपण सारे एक कुटुंब’ अशी कथा कामगाराला ऐकवतात आणि वेतनकराराची वेळ आली की कुटुंबप्रमुख कोण हे आपोआप स्पष्ट होते. दुसऱ्याने रचलेल्या कथेत मिळालेली मानाची जागा आणि सत्तेतला वाटा या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

कथेतला हा वाटा श्रमिकांनी स्वतः मिळवल्याचे एक उदाहरण सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप लांबला, मुंबईत राहणे परवडेना, तेव्हा हजारो कामगार कोकणात, साताऱ्यात, सांगलीत आपापल्या गावी परतले. खानापूरसारख्या दुष्काळी तालुक्यात परतलेल्यांसमोर रोजगार हमीच्या कामावर खडी फोडण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. मुंबईत ज्यांनी चार-चार माग एका हाती चालवले, ते मुकादमाच्या हजेरीपटावर अकुशल मजूर ठरले. त्यांच्या शेजारी वर्षानुवर्षे हेच काम करणारे भूमिहीन होते, अल्पभूधारक होते आणि बायकाही होत्या. या सर्वांच्या एकत्र येण्यातून ‘मुक्ती संघर्ष’ ही संघटना आकाराला आली. प्रतिसरकारची परंपरा घरातूनच लाभलेले डॉ. भारत पाटणकर तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक होते.

रोजगार हमीचे काम वेळेवर मिळावे, मजुरी पुरती मिळावी, या मागण्यांपाशीच ही संघटना थांबली असती तर तिची नोंद इतर अनेक संघटनांसारखीच झाली असती. परंतु खडी फोडता फोडता माणसे एक प्रश्न एकमेकांना विचारू लागली: ही खडी कशासाठी फोडायची? रस्ते झाले, ते उखडले, पुन्हा झाले. दुष्काळ मात्र आहे तेथेच आहे. मग दुष्काळ आला कोठून? सरकारी उत्तर तयार होते: पाऊस कमी पडतो, निसर्गाची अवकृपा आहे. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची हकीकत निराळी होती. येरळा नदी पूर्वी किती महिने वाहायची, विहिरींना पाणी कोठवर असायचे, शिवारात कोणती पिके निघायची, डोंगरावर झाडी किती होती, हे त्यांना आठवत होते. लोकविज्ञान चळवळीचे कार्यकर्ते या कामात सामील झाले आणि गावकऱ्यांच्या आठवणी, पिकांची माहिती आणि पावसाचे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहण्यात आले. तेव्हा दुष्काळ हा आकाशातून पडलेला नसून पाणी आणि जमीन वापरण्याच्या पद्धतीतून तो तयार झालेला आहे, ही समज पक्की होत गेली. नदीतली वाळू हे त्यातले ठळक प्रकरण होते. महसूल खाते वाळूचा लिलाव करी, ठेकेदार ट्रक भरभरून ती नेत आणि पात्रात पाणी धरून ठेवणारा थरच नाहीसा होऊन आजूबाजूच्या विहिरी कोरड्या पडत.

या ठिकाणी कथेने नेमके काय केले ते बारकाईने पाहिले पाहिजे. एक तर तिने ज्ञानाची उतरंड मोडली. अभियंत्याला जे गणिताने कळते, ते म्हाताऱ्या शेतकऱ्याला आठवणीने कळलेले असते. दोन्ही एकमेकांवर तपासून घेता येतात, हे सर्वांच्या प्रत्ययाला आले. दुसरे असे की निरनिराळ्या जातींच्या आणि थरांच्या माणसांना आपापली हालअपेष्टा एकाच घटनाक्रमाचा भाग म्हणून दिसली. गिरणीतून परतलेला, जमीन विकून मजूर झालेला आणि कधीच जमीन नसलेला, हे तिघे एकाच कथेतले निघाले. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की कारण कळले म्हणजे उपायही हाताशी येतो. निसर्गाच्या अवकृपेपुढे माणूस हात जोडतो. ठेकेदाराच्या ट्रकपुढे तो उभा राहू शकतो.

आणि माणसे उभी राहिली. वाळूची लूट थांबवायची आणि थोडी वाळू गावाने स्वतः विकून त्या पैशातून येरळेवर स्वतःचे धरण बांधायचे, असा विचार बलवडी आणि तांदुळवाडी या गावांत पुढे आला. बलवडीचे संपतराव पवार यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी तो उचलून धरला. के. आर. दाते यांच्यासारख्या ज्येष्ठ अभियंत्याने आपले ज्ञान गावाच्या सेवेला दिले. परवानगीसाठी सरकारशी झगडावे लागले, सहानुभूतीदारांकडून पैसा उभा करावा लागला, गावकऱ्यांबरोबर बाहेरगावचे विद्यार्थी श्रमदानाला आले. १९८६ मध्ये काम सुरू झाले आणि ते दशक संपता संपता धरण उभे राहिले. त्याला नाव दिले बळीराजा स्मृती धरण. फुल्यांनी शतकापूर्वी फिरवून सांगितलेली कथा दगडमातीत उतरली.

नावापेक्षाही पाणीवाटपाचा नियम अधिक बोलका होता. प्रचलित रीतीप्रमाणे ज्याची जमीन त्याचे पाणी. ज्याची जमीन मोठी त्याचे पाणी अधिक. बळीराजा धरणाच्या वेळी ठरले ते असे की पाण्यावर हक्क प्रत्येक कुटुंबाचा. ज्याच्याकडे जमीन नाही त्याचाही, आणि स्त्रियांचाही. उसासारख्या तहानलेल्या पिकाने सगळ्यांच्या वाट्याचे पाणी पिऊन टाकू नये, हाही विचार त्यात होता. हा नियम कोणा विद्वानाच्या डोक्यातून एका रात्रीत निघाला नाही. दुष्काळाची आणि धरणाची कथा सर्वांनी मिळून सांगितलेली होती आणि त्या कथेत भूमिहीन मजूर पहिल्या पानापासून हजर होता. मोर्च्यात तो होता, श्रमदानात तो होता. ज्या कथेत तो आहे, त्या कथेच्या शेवटी पाणी वाटताना त्याला वगळणे कोणालाच शोभले नसते. धरणाची कथा नुसती बागायतदाराने सांगितली असती, तर वाटपाचा नियमही बागायतदाराचाच झाला असता. समन्यायी पाणीवाटपाची जी मागणी पुढे १९९० च्या दशकापासून आटपाडीच्या पाणी परिषदांतून आणि कृष्णा खोऱ्यातल्या दुष्काळी तालुक्यांच्या आंदोलनांतून दुमदुमली, तिचे एक मूळ येरळेच्या पात्रात आहे.

अर्थात या उदाहरणाचीही पूजा बांधण्याचे कारण नाही. भूमिहीनाला पाण्याचा हक्क मिळाला तरी ते पाणी वापरायला जमीन लागते आणि त्यासाठी जमीनवाल्याशी पुन्हा बोलणी करावी लागतात. कथेने दार उघडते. आत जाण्यासाठी संघटना, कायदा आणि चिकाटी लागतेच. मजुरीची, जमिनीची आणि नोकरीच्या हमीची लढाई बाजूला ठेवून कोणी नुसत्या गोष्टी सांगत बसेल, तर ती श्रमिकांची फसवणूक ठरेल. किंबहुना ‘तुमचे मन मोकळे करा’ म्हणून कामगाराला बोलते करायचे आणि निर्णय मात्र बंद खोलीत घ्यायचे, ही अलीकडच्या व्यवस्थापनशास्त्राने शिकवलेली युक्ती आहे. ऐकून घेणे आणि मानणे यांतला फरक कामगाराने विसरता कामा नये.

दुसरा धोका चळवळीच्या घरातलाच आहे. पुरुषांनी सांगितलेल्या श्रमाच्या कथेत स्त्रीचे श्रम बहुधा गाळले जातात. पहाटे जात्यावर बसून सातारा-सांगलीच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या ओव्या गाइल्या. त्यांत कामाचे कष्ट, सासर-माहेर, मुलाबाळांची काळजी, सारे होते. दोघी जात्याचा खुंटा धरत आणि एकमेकींना ऐकवत. पण ते बोलणे उजाडायच्या आत संपत असे. चावडीपर्यंत ते पोचत नसे. १९८० च्या दशकात स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीने आणि इंदुताई पाटणकरांसारख्या, प्रतिसरकारच्या काळापासून लढत आलेल्या कार्यकर्त्यांनी परित्यक्ता स्त्रियांचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा हे बोलणे चावडीवर आले. नवऱ्याने टाकलेल्या बाईबद्दल गावाची कथा ठरलेली असे: ती नांदली नाही. एकटीने ही कथा खोडून काढणे कोणत्याही बाईला शक्य नव्हते. अशा अनेकजणी एकत्र बसल्या आणि आपापली हकीकत सांगू लागल्या, तेव्हा प्रत्येकीच्या हकिकतीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली: सासरच्या शेतात आणि घरात वर्षानुवर्षे राबून झाल्यावर तिला रिकाम्या हाताने बाहेर काढले होते. म्हणजे प्रश्न नांदण्याचा नव्हता, केलेल्या श्रमाच्या हिशोबाचा होता. मग मागण्याही बदलल्या. दयेऐवजी स्वतःच्या नावाची शिधापत्रिका, राहायला जागा आणि कसायला जमीन, असे हक्क मागितले गेले.

तिसरा धोका पुढाऱ्यांचा आहे आणि तो सांगताना भीड बाळगू नये. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी मुंबईत गिरणी कामगार म्हणून घाम गाळला, १९४४ च्या सुमारास लाल बावटा कलापथकातून कामगाराचे जिणे कामगारांपुढे मांडले आणि १९५८ च्या दलित साहित्य संमेलनात पृथ्वीचा भार शेषाच्या फण्यावर असल्याची जुनी कथा बाजूला सारून तो कष्टकऱ्यांच्या हातांवर असल्याचे सांगितले. अण्णाभाऊंचे नाव आज प्रत्येक व्यासपीठावर घेतले जाते. परंतु त्याच व्यासपीठाखाली बसलेल्या कष्टकऱ्याला बोलायला किती वेळ मिळतो? युनियनच्या सभेत अध्यक्ष बोलतात, सरचिटणीस बोलतात, पाहुणे बोलतात आणि कामगार टाळ्या वाजवतात. संपाची हकीकत पुढारी सांगतो. संपाच्या काळात चूल कशी पेटली हे सांगणारी बाई सभेला बोलावलेलीही नसते. १९८२ च्या संपाला वीस वर्षे उलटून गेल्यावर, २००४ साली मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या शंभर माणसांच्या तोंडची हकीकत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तोवर बहुतेक गिरण्यांचे भोंगे थांबले होते आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे चढू लागले होते. हे काम संघटनांनी, गिरण्या चालू असतानाच, करायला हवे होते.

मग कार्यकर्त्याने काय करावे? यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. थोड्या सवयी बदलाव्या लागतील. बैठकीची सुरुवात पुढाऱ्याच्या भाषणाने न होता, ज्याने प्रत्यक्ष काम केले त्याच्या हकिकतीने व्हावी. खात्यात काय घडले ते खात्यातल्या कामगाराने सांगावे, टोळीचे दुखणे ऊस तोडणाऱ्या बाईने सांगावे, मुकादमाने नव्हे. सांगणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा हक्क सर्वांना असावा. धोंडिबासारखा शंकेखोर श्रोता ज्या बैठकीत नाही, ती बैठक पुराणिकाचीच समजावी. यशाबरोबर अपयशाचीही हकीकत सांगितली जावी, कारण चूक कोठे झाली हे झाकून ठेवणारी संघटना तीच चूक पुन्हा करते. सांगितलेले लिहून ठेवले जावे आणि ते सांगणाऱ्याला वाचून दाखवून त्याची संमती घेतली जावी. शेवटची सवय सर्वांत महत्त्वाची आहे. हकीकत ऐकून झाल्यावर तिच्या आधारे जो निर्णय होईल, तो हकीकत सांगणाऱ्यांच्या समक्ष आणि त्यांच्या मताने व्हावा. हे झाले नाही, तर बाकीच्या साऱ्या सवयी करमणुकीच्या ठरतील.

वाळव्याचा साखर कारखाना हुतात्मा किसन अहिर यांच्या नावाने ओळखला जातो. प्रतिसरकारच्या लढ्यात प्राण दिलेल्या तरुणाचे नाव नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारखान्याला दिले, तेव्हा कारखाना कोणाचा आणि कशासाठी याची आठवण त्यांनी दारावरच कोरून ठेवली. अशी नावे या दोन जिल्ह्यांत जागोजागी आहेत. नाव कोरलेले राहते. पण त्यामागची कथा दर पिढीने स्वतःच्या कामाच्या अनुभवातून पुन्हा सांगावी लागते, नाही तर पाटी उरते आणि अर्थ निघून जातो.

दिवाळीच्या पाडव्याला महाराष्ट्रातल्या घरोघरी बायका ओवाळताना बळीचे राज्य येवो असे म्हणतात. पुराणाने बळीला पाताळात गाडले, ग्रंथांनी वामनाचा जयजयकार केला. तरी त्या पराभूत राजाची आठवण शेतकरी घरातल्या बायकांनी शेकडो वर्षे, वर्षातून एका दिवसापुरती का होईना, जिवंत ठेवली. ती आठवण होती म्हणून फुल्यांना ती कथा उचलता आली, आणि फुल्यांनी ती उचलली म्हणून येरळेच्या काठी पाणी वाटताना भूमिहीनाला वाटा मागता आला. पुढच्या वार्षिक सभेत अहवालवाचन सुरू होईल, तेव्हा ‘मंजूर’ म्हणण्यापूर्वी मांडवातल्या कोणी तरी उठून म्हणावे, ‘थांबा, हे असे घडलेले नाही, घडले ते आता आम्ही सांगतो.’ त्या माणसाला खाली बसू न देणे, हे कार्यकर्त्याचे काम आहे.